मदत हवी आहे: ब्रेसेस निघाल्यावर खालच्या दातांना चिकटवलेली तार की काढता येणारा रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारा साचा)?

प्रश्न मोठ्या माणसाचा आहे, वय ३४. खालचे पुढचे चार दात आधी फिरलेले होते, आता सरळ झालेत. पुढच्या महिन्यात ब्रेसेस निघतील.

दाताभोवतीचे तंतू हाडाशी पुन्हा जुळायला ३-४ महिने लागतात, पण हिरडीतले लवचिक तंतू जवळपास वर्षभर ताणलेलेच राहतात. म्हणून फिरवून सरळ केलेला दात सगळ्यात आधी परत वळतो. इथवर शंका नाही.

अडचण निवडीची आहे. सुळ्यापासून सुळ्यापर्यंत आतून चिकटवलेली तार विसरता येत नाही, हा मोठा फायदा. मात्र खालच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटण मुळातच लवकर साठतं, आणि या केसमध्ये हिरड्या थोड्या खाली सरकलेल्या आहेत. शिवाय सहापैकी एका दातावरचं सिमेंट सुटलं तर तार जागेवरच दिसते आणि तेवढा एकच दात गुपचूप सरकतो. पारदर्शक रिटेनर धुवायला सोपा (गरम पाण्यात घालू नये, वाकडा होतो), पण आठवडाभर घातला नाही की घट्ट बसायला लागतो.

विचारायचं ते असं:
तारेखालून सुपरफ्लॉस (कडक टोकाचा, दात साफ करायचा दोरा) चालतो की छोटा इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत जाणारा) बरा? तार आणि रात्री वरून रिटेनर, असं दोन्ही कुणाला सुचवलं आहे का? तारेचं सिमेंट सुटलंय हे घरी कसं ओळखता?

लहान मुलांचे अनुभव नकोत, हिरड्यांचं गणित वेगळं असतं.