गावाचा हवामान आराखडा ग्रामसभेनं ठरवायचा की जाणकारांनी? (खान्देशातल्या चौघांची चर्चा)

पांझराकाठ
हवामान बदलाचे गाव-आराखडे बरेचदा तालुक्याला बसून भरले जातात आणि ग्रामसभेत नुसते वाचून दाखवतात. ते गावानंच करायला हवेत. खान्देशाला हे नवं नाही. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालचं शिवार फडांत वाटलेलं, एका फडात एकच पीक. नदीला पाणी कमी असलं की एखादा फड पडीक. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत असल्यानं तूट सगळ्यांनाच सोसावी लागे. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या पीक राखायचा. शिस्त गावाची होती, म्हणून टिकली.

केळीपट्टा
तुम्हनं म्हननं खरं शे भाऊ, पण फडाचं पाणी डोळ्यांना दिसायचं. रावेर-यावलचं पाणी जमिनीच्या पोटात आहे. 5 बाय 6 फुटांवर केळीची एकरी साधारण 1450 झाडं, उन्हाळ्यात ठिबकनं झाडाला दिवसाला 20 लिटर धरा. 100 एकरांना एप्रिल-मेच्या 60 दिवसांत 17 कोटी लिटरच्या वर लागतं. ज्याच्या बोअरला पाणी आहे तो ग्रामसभेत केळी कमी करायला हात वर करेल?

दुसरं, पुनर्भरणाची, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायची जागा मतांनी ठरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा थर आहे, तिथं पाणी झिरपतं. खाली तापीकडं पिवळ्या चिकणमातीवर नुसतं डबकं साचतं आणि उन्हानं उडून जातं. तरी प्रत्येकाला बंधारा आपल्याच बांधाजवळ हवा असतो. पाणलोटाला ग्रामपंचायतीची हद्द कळत नाही. हे भूवैज्ञानिकानंच ठरवावं.

शिवारफेरी
जागा भूवैज्ञानिकानं दाखवावी, हे मान्य. पण मोजणी गावाच्या हातात नसेल तर त्याचा आकडा कुणी मानत नाही. शिवारभर पसरलेल्या 8-10 विहिरी निवडा, प्रत्येकीच्या कठड्यावर रंगानं एक खूण करा. मे अखेरीस आणि पावसाळा सरताना त्याच खुणेपासून वजन बांधलेला टेप सोडा. हमखास होणाऱ्या चुका दोन. पंप चालू असताना किंवा नुकताच बंद केल्यावर मोजलं तर पाणी उगाच खोल दिसतं, म्हणून रात्रभर पंप बंद हवा. आणि कठड्याची उंची वजा करायची राहते. पुढच्या वर्षी कठडा बांधून वाढवला की पातळी घसरल्याचा भास होतो.

पर्जन्यमापक गावाचा स्वतःचा हवा, कारण आपल्याकडं महसूल मंडळाच्या ठिकाणी पाऊस झोडपतो आणि शेजारचं शिवार कोरडं राहतं. झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब ठेवा, रोज सकाळी 8.30 ला नोंद. 1000 हेक्टर शिवारावर 1 मिमी म्हणजे 1 कोटी लिटर. त्यातलं थोडंच मुरतं, बाकीचं वाहतं किंवा उडतं. हा ताळेबंद पंचायतीच्या भिंतीवर रंगवा.

सातपुडा-पायथा
सगळी चर्चा विहीरवाल्यांचीच चालली आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं 400 हेक्टरांहून अधिक जंगल राखलं, चैत्राम पवारांना 2025 ला पद्मश्री जाहीर झाली. तिथले नियम गावानंच केले. पण दुसरीकडं नक्कल करताना सरसकट चराईबंदी लावतात आणि सगळा भार शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीनांवर येतो. आलटून-पालटून एक पट्टा खुला ठेवा, आणि ठरावाआधी सरपण आणणाऱ्या बायांची बैठक वेगळी घ्या. मोठ्या सभेत त्या बोलत नाहीत.

केळीपट्टा
मोजणीला माझा विरोध नाही. पण भिंतीवरचा आकडा बोअर थांबवत नाही. 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरच्या पुढची विहीर खोल विहीर धरली आहे, तरी त्याहून खोल जाणारी यंत्रं येतच आहेत. त्याला प्रशासनाचाच हात लागतो.

पांझराकाठ
लागतोच. पण ठराव कधी करता हेही बघा. मे महिन्यात केळी उभी असते, तेव्हा कोण काय सोडणार? फडात निर्णय पेरणीआधी व्हायचा. तसंच सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विहिरी मोजा आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कांदेबागेचे, म्हणजे पावसाळा सरताना लावायच्या केळीचे एकर ठरवा, खोडं लागायच्या आत.