तंजावरची शाखा: राजे मोजू नका, पिढ्या मोजा

तंजावरच्या भोसल्यांची वंशावळ मांडताना काही जण राजे ओळीने लिहून प्रत्येकाची एक पिढी धरतात. तिथेच घोळ होतो. शहाजी (पहिले), सरफोजी (पहिले) आणि तुकोजी हे तिघे सख्खे भाऊ, व्यंकोजीराजांचे मुलगे. १६८४ ते १७३६ गादी तिघांकडे फिरली, पण पिढी एकच!

वंश पुढे चालला तो तुकोजींचा. म्हणजे शहाजीराजे (शिवाजी महाराजांचे आणि व्यंकोजींचे वडील), व्यंकोजी, तुकोजी, प्रतापसिंह, तुळजाजी. तुळजाजींनी १७८७ मध्ये सरफोजी (दुसरे) यांना दत्तक घेतलं. सरस्वती महाल ग्रंथालयामुळे नाव राहिलेले ते हेच. मात्र गादी मिळायला १७९८ उजाडलं, मधली वर्षं तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह राज्य करत होते. (वंशावळीच्या आकृतीत दत्तकाची रेघ तुटक काढा, नाहीतर पुढचा वाचणारा फसतो.) सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारले आणि ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केलं.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतलाय. जरूर पाहा, फक्त त्यातल्या जुन्या पिढ्या जपून घ्या. राजाने स्वतः कोरवलेली वंशावळ आहे ती, शेवटी!