निनावी संदेश आणि उघडं मत

एका नाट्यप्रयोगात प्रेक्षकांनी फोनवरून पाठवलेल्या निनावी संदेशांवर नट जागच्या जागी प्रवेश रचतात, आणि नाव नसल्यामुळेच लोक मोकळे होतात, असं एक मत वाचलं; ते मला अर्धंच पटलं. १९६७ साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात दिग्दर्शक राडुझ चिन्चेरा यांचा 'किनोऑटोमाट' हा प्रेक्षकांच्या मतावर चालणारा चित्रपट दाखवला गेला. तो मध्येच थांबायचा, निवेदक मंचावर येऊन विचारायचा, आता पुढे काय व्हावं? प्रत्येक खुर्चीला लाल आणि हिरवं बटण. कुठल्या खुर्चीने काय निवडलं, हे पडद्याभोवती सगळ्यांना दिसायचं. आपलं मत असं उघड होणार म्हटल्यावर माणूस विचार करून बटण दाबतो. (कथा मात्र काहीही निवडलं तरी पुन्हा एकाच वाटेला लागायची. त्या बाबतीत फोनवाला प्रयोग नक्कीच पुढचा.) ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल तर प्रेक्षकालाच मंचावर बोलवत: प्रसंग थांबव, नटाची जागा घे, तुझा उपाय करून दाखव.

पण घरातला छळ चारचौघांत बोलता न येणाऱ्या बाईला निनावी संदेशच हवा. म्हणून विंगेत संदेश आधी वाचणारं जबाबदार माणूस हवंच. त्याने टवाळी गाळावी, टोचणारं गाळू नये.