शाळेने मुलांच्या हाती वही देऊन पालकांच्या गाड्या मोजायला लावणं, हे पर्यावरण शिक्षण?

गाडीवालाबाप
गेल्या गुरुवारी शाळा सुटायच्या वेळी गेटसमोर गाडी लावून बसलो होतो. तिसरी-चौथीची आठ-दहा पोरं हातात पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन एकेका गाडीशी थांबत होती, कान देऊन ऐकत होती आणि काहीतरी टिपत होती. त्यात आमची लेक. माझ्या गाडीपाशी आली, माझ्याकडे ढुंकूनही न बघता 'इंजिन चालू'च्या रकान्यात फुली मारली आणि पुढे गेली. एकूण ३१ गाड्या, त्यातल्या १९ चालू. दुसऱ्या दिवशी आकडे सूचना फलकावर.

राग फुलीचा नाही. (बरं, थोडा आहे.) पण रात्री झोपताना ती विचारते, "माझ्या शेजारी बसते तिला दमा आहे, तो आपल्या गाडीमुळे झाला का?" आता आठ वर्षांच्या मुलीला काय सांगू? झाडं लावू द्या, चित्रं काढू द्या, पाठकोरे कागद जमवू द्या. हवेचा हिशेब मोठ्यांनी करावा. तुम्हाला काय वाटतं?

खडूफळा
साफ असहमत. मी प्राथमिकला शिकवते (तुमच्या लेकीच्या शाळेत नाही, घाबरू नका). गाडीचा धूर कुठल्या उंचीवर सुटतो आणि तिसरीतल्या मुलाचं नाक किती उंचीवर असतं, एकदा बघा. त्यात मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा भराभर चालतो. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. आणि दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल, तर इंजिन बंद करून पुन्हा चालू करण्यात कमी इंधन जातं. मग हरकत मोजण्याला आहे की मोजलं गेल्याला?

चित्रं आणि घोषणांचं म्हणाल, तर त्यातून फळ्याची सजावट होते, बाकी काही नाही. आमच्या चौथीच्या मुलांनी गळक्या नळाखाली मोजपात्र ठेवलं. ४० मिनिटांच्या तासिकेत २०० मिली जमलं. दिवसात ४० मिनिटं ३६ वेळा येतात, हे एरवी गणिताला तोंड लपवणाऱ्या मुलीने काढलं. ७.२ लिटर! वर्षाचे अडीच हजार लिटरच्या वर. हा कागद घेऊन मुलं मुख्याध्यापकांकडे गेली आणि दोन दिवसांत वायसर बदलला. त्याआधी मी दोनदा तोंडी सांगून झालं होतं.

तिरकस
म्हणजे बाईंचं कुणी ऐकेना म्हणून पोरांना पुढे केलं. धागाकर्ते तरी दुसरं काय म्हणतायत?

बालीच्या दोन बहिणींचं उदाहरण कुणीतरी देणारच, म्हणून आधीच सांगतो. २०१३ मध्ये त्यांनी प्लास्टिकच्या पिशव्यांविरुद्ध मोहीम सुरू केली तेव्हा एक १२ वर्षांची, दुसरी १० ची. तिथे बंदी लागू झाली २०१९ मध्ये. सहा वर्षं! धाकटीचं अख्खं बालपण त्यात गेलं, आणि शेवटी लागला तो सरकारी नियमच. जो नियम मोठ्यांनी करायचा, तो मागत पोरांनी का फिरायचं?

स्वच्छता मोहिमांचं तर बोलायलाच नको. पोरं वाकून वाकून चकचकीत वेष्टनं गोळा करतात. त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर असे चिकटवलेले असतात, की ते वेगळे करणं कुणालाच परवडत नाही. पोतं भरतं, फोटो निघतो, पोतं कचरा डेपोत जातं. वेष्टन बनवणाऱ्याला कुणी बोलवत नाही वाकायला.

निंबोणी
वेष्टनांबद्दल +१. बाकी नाही. मोठ्यांची मतं बदलायला मुलं उपयोगी पडतात, हे तपासून झालंय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शाळांमध्ये मुलांना हवामान बदल शिकवला आणि त्यावर घरी बोलायला लावलं. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले: पालकांची काळजी वाढली. जास्त कुणाची वाढली? वडिलांची. आणि मुलग्यांपेक्षा मुलींचा प्रभाव जास्त. गाडीवालाबाप, हे खास तुमच्यासाठी.

तिरकस
ती मुलं १० ते १४ वर्षांची होती. इथे तिसरीचं चाललंय.

निंबोणी
वयाचं मान्य. पण आठव्या वर्षी काही कळत नाही असं म्हणावं, तर दम्याचा प्रश्न कुठून आला?

खडूफळा
त्या प्रश्नाला खरं उत्तर द्या, बाबा. आपल्या एका गाडीने तिला दमा झाला नाही. पण दमा असलेल्याला धुराचा त्रास जास्त होतो, म्हणून आपण बंद करू शकतो ते बंद करू. आठ वर्षांच्या मुलीला एवढं झेपतं. 'तू लहान आहेस' म्हणून गप्प केलं, तर मात्र ती स्वतःच्या मनाने काहीतरी भयंकर जुळवून घेईल.

मात्र फलकावर आकडे लावण्याआधी पालकांना चिठ्ठी जायला हवी होती. ते चुकलंच.

शेवटचाबाक
बराच वेळ वाचतोय. एक साधी शंका. गेटच्या आत शाळेच्या बसगाड्या उभ्या असतील ना? सुटायच्या आधी त्याही घरघरत असतात बहुधा. त्या ३१ मध्ये त्या होत्या का?

तिरकस
जे बात.

खडूफळा
हे माझ्याही डोक्यात आलं नाही. इको-स्कूल्स नावाचा जो उपक्रम १९९४ पासून अनेक देशांत चालतो, त्यात आधी मुलांची समिती आणि मग शाळेची स्वतःची पाहणी, असा क्रम असतो. आधी आपलं घर, मग गेटबाहेरचं. बस मोजल्या नसतील तर तो क्रम उलटा झाला.

गाडीवालाबाप
काल लेकीला विचारलं. म्हणाली, "बस होत्या की, चार. तीन चालू होत्या. पण बाईंच्या तक्त्यात बसचा रकानाच नव्हता."

मग कुठे लिहिलंस, म्हटलं. तिने पुठ्ठा उलटा करून दाखवला. मागे पेन्सिलीने चार चौकोन काढलेत, तिनांवर फुली.