मालक स्वतः शेफ, तरी रोज वेगळी चव?

गोदाकाठचा
गंगापूर रोडच्या बाजूला एक मालवणी हॉटेल आहे. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. मालक स्वतः शेफ, मूळचा वेंगुर्ल्याकडचा. पहिल्यांदा त्याच्याकडे तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं खाल्लं तेव्हा नाशिकला मासे कळणारा माणूस आला असं वाटलं होतं. एकशिपी (एकाच शिंपीत ठेवलेल्या) तिसऱ्या, जाडसर वाटलेलं खोबरं आणि दाताखाली वाळूचा कण नाही. नंतर एका मंगळवारी घरच्यांना घेऊन गेलो. सुरमईची तुकडी बाहेरून कुरकुरीत आणि आत नुसता चोथा. सोलकढी फाटलेली, वर साय आणि खाली गुलाबी पाणी. बिल मात्र तेवढंच. पाटीवर शेफ म्हणून स्वतःचं नाव लावलंय ना, मग हाताखालच्या पोराने बिघडवलेलं ताटही त्याच्याच नावावर जमा होणार. काय म्हणता?

सीबीएसवाला
अहो, समुद्र कुठे आणि आपण कुठे! मुंबई सुमारे १७० किलोमीटर. रात्री भाऊच्या धक्क्यावरून किंवा ससून डॉकवरून निघालेला माल कसारा घाट चढून पहाटे इथे पोचतो. एखाद दिवशी खाली-वर होणारच. वेंगुर्ल्याची चव हवी तर वेंगुर्ल्याला जा, नाहीतर मिसळ खा.

तिरफळ
अंतराचा उगाच बाऊ नको. माहेर देवगड आणि सासर इंदिरानगर, त्यामुळे दोन्हीकडचं पाहिलंय. मोठ्या बोटी आठ-दहा दिवस समुद्रातच असतात, मासा तिथेही बर्फातच पडलेला असतो. मुंबईच्या बाजारातली सुरमईही पुष्कळदा वेरावळहून आलेली असते. बर्फ नीट असेल तर घाटाने मासा बिघडत नाही. तो बिघडतो परत परत फ्रीजरमध्ये टाकल्याने. एकदा वितळवून उरलेला पुन्हा गोठवला की त्यातलं पाणी निघून जातं आणि तुकडी कोरडी पडते. तुमचा चोथा तो हाच.

पंचवटीकर
आणि उरतो का, तेही बघा. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, मंगळवार-शनिवारी निम्मी घरं खात नाहीत, मध्येच संकष्टी-एकादशी, वर श्रावण. नाशकात मासे खपतात बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. म्हणजे मंगळवारी तुमच्या ताटात रविवारचा उरलेला माल. रविवारी माल ताजा, पण बाहेर एवढी गर्दी की मालक गल्ल्यावर आणि तवा पोरांच्या हातात. मी शुक्रवारी जातो. माझं ताट आजवर कधी बिघडलं नाही, त्यामुळे त्या माणसाला नावं ठेवणं मला पटत नाही.

गोदाकाठचा
पंचवटीकर, हिशोब पटला, पण त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाने का भरायचा? मंगळवारी चांगली सुरमई नसेल तर "नाही" म्हणावं. छापील कार्ड फेकून द्यावं आणि दारात फळा लावावा, आज काय आलंय तेवढंच लिहावं. कोकणातल्या खानावळीत कुठे असतं तीस पदार्थांचं कार्ड?

माजी खानावळवाला
फळा लावून बघितलाय राव. कॉलेज रोडला आमची छोटी खानावळ होती. फळ्यावर मांदेली, सौंदाळे, बांगडा लिहिलं की लोक आत येऊन विचारायचे, "सुरमई नाही? पापलेट पण नाही?" आणि पाणी पिऊन उठायचे. एकदा एकाने बोंबील मागवले आणि "हे गिळगिळीत काय दिलंय" म्हणून परत पाठवले. वजनाखाली दाबून, पाणी काढून तळलेले होते हो! बोंबील मऊच असतो, त्याला आम्ही काय करणार? नाशिककराला दोनच मासे माहीत, तेही वर्षभर हवेत. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा जाहीर झाला, पण ताटात येतं ते तळहाताएवढंसुद्धा नाही. मागणी आपली आणि शिव्या मात्र शेफला.

तिरफळ
मागणीचं खरं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तरी जुलैमध्ये "ताजं पापलेट" मागणारे मी त्याच हॉटेलात पाहिलेत. त्या दिवसांत सोडे (सुकवलेली कोळंबी), सुका जवळा, सुक्या बोंबलाचं कालवण विकावं, बघा कसं खपतं ते. पण एका बाबतीत सूट नाही म्हणजे नाही, बांगडा. तो बर्फाबाहेर राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून किंवा तळूनही जात नाही. जिभेला चुरचुर, तोंड लाल, अंगावर पित्त. लोकांना वाटतं मसाला तिखट होता. शिळा बांगडा नुसता बेचव लागत नाही, आजारी पाडतो, आणि शिळी सुरमईही तसंच करू शकते.

गोदाकाठचा
सगळे माशावरच अडकलात. सोलकढीला कुठला आला वार? नारळ काय भाऊच्या धक्क्यावरून येतो? आगळ (कोकमाचा घट्ट रस) तर बाटलीत महिनोन्‌महिने राहतं. रोज नारळ खवून दूध काढायचं आणि थोडी थोडी सोलकढी करायची एवढंच काम. तीच फाटलेली येते, वडे गार येतात, तांदळाच्या भाकरीच्या कडा कडक येतात, तेव्हा दोष समुद्राचा नसतो, स्वयंपाकघरात लक्ष नसण्याचा असतो. माझी तक्रार तेवढीच आहे.

सीबीएसवाला
मग तोंडावर सांगा ना त्याला. माझी कोळंबी रबरासारखी आली होती, मी बोलावून दाखवली. काही न बोलता ताट उचललं आणि स्वतः करून आणली.

गोदाकाठचा
म्हणजे तो करू शकतो! तक्रार केल्याशिवाय का करत नाही, हाच तर प्रश्न आहे.

माजी खानावळवाला
कारण पोरं टिकत नाहीत. हात बसला की दुसरीकडे हजार-दोन हजार जास्त मिळतात, झालं. मग पुन्हा नवीन पोरगा, पुन्हा फाटलेली सोलकढी. एक दिवस गल्ल्यामागे बसून बघा, मग बोला.

पंचवटीकर
वाद चालू द्या. ज्यांना जायचंय त्यांनी शुक्रवारी आठच्या आत जा, आधी फोन करून तिसऱ्या आहेत का विचारा आणि सोलकढी आज केलीय का तेही.

नवीन सभासद
मला रविवारशिवाय जमत नाही. बाकीच्या दिवशी मासे खाऊन आल्याचं आईला वासावरून कळतं.