उंबरखिंडीला बाबांना घेऊन जायचंय, वाट कशी आहे?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

बाबा ७१ वर्षांचे. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. सपाटीला तास-दीड तास आरामात चालतात, पण पायऱ्या दिसल्या की कठडा शोधतात. गेल्या महिन्यात वसईचा किल्ला केला. सगळं सपाट, झाडांची सावली, आणि १७३९ ची चिमाजीअप्पांची मोहीम बाबांच्या तोंडून. मला वाटलं दमले असतील, परतीच्या लोकलमध्ये खिडकी पकडून म्हणाले, "आता उंबरखिंड!"

१६६१ मध्ये मुघल सरदार कारतलबखान लोणावळ्याकडून कुरवंडे घाटाने कोकणात उतरत होता, तेव्हा महाराजांनी त्याला याच खिंडीत गाठलं. सोबतच्या मुघल सरदारीण रायबागनचा सल्ला ऐकून खान शरण आला आणि सामानसुमान टाकून परत गेला. बाबांना ती अरुंद जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचीय. घाट चढायचा नाहीये हं, खालून चावणी गावाकडून स्मारकापर्यंतच जायचंय.

आम्ही दादरहून खोपोली लोकलने येऊ. पुढे चावणीपर्यंत एसटी सोयीची की रिक्षाच ठरवावी, आणि परतीचं काय? गावातून स्मारकापर्यंतची वाट मातीची आहे की दगडगोट्यांची? मुख्य म्हणजे, डिसेंबरात अंबा नदीच्या पात्रात पाणी कितपत असतं? शेवाळलेल्या दगडावर बाबांना न्यायची माझी छाती नाही.

अलीकडे कुणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा. "काही नाही हो, सोप्पं आहे" म्हणणाऱ्या पंचविशीतल्या ट्रेकर्सना आधीच नमस्कार.