नवी डोमेन नावे: विकसनशील देशांच्या पदरात काय पडले?

शाईपेन (धागालेखक)

इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने २०१२ साली नव्या टॉप लेव्हल डोमेनसाठी अर्ज मागवले, म्हणजे वेबपत्त्याच्या शेवटी येणाऱ्या डॉट कॉम, डॉट ऑर्गच्या पंक्तीत बसणारी नवी नावे. १,९३० अर्ज आले. त्यांतले ९११ उत्तर अमेरिकेतून, आणि अख्ख्या आफ्रिका खंडातून १७. अर्जाची फी १,८५,००० डॉलर. नाव मिळाल्यावर दरवर्षी किमान २५,००० डॉलर वेगळे. ऐपत नसलेल्यांसाठी फीसवलत होती, पण ती मागायला तीनच जण आले आणि एकच पात्र ठरला. पुढच्या फेरीची मूळ फी तर २,२७,००० डॉलर आहे.

नावे वाढली की सगळ्यांना संधी, असे सांगितले जाते. मला ते अजिबात पटत नाही. गरीब देशातल्या बँकेच्या किंवा विद्यापीठाच्या वाट्याला या विस्तारातून खर्चच येतो. आपल्या नावाने दुसऱ्या कुणी लोकांना फसवू नये म्हणून तेच नाव चार ठिकाणी घेऊन ठेवायचे आणि दरवर्षी नूतनीकरण करत राहायचे. अ‍ॅमेझॉन हे आपल्या नदीचे आणि प्रदेशाचे नाव म्हणून ब्राझील आणि पेरू वर्षानुवर्षे विरोध करत होते, तरी डॉट अ‍ॅमेझॉन शेवटी कंपनीलाच मिळाले.

अंतरा

फीबद्दल सहमत, निष्कर्षाशी नाही. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. देशांना आपापल्या लिपीतले डोमेन मिळण्याची वाट आयकॅनने २००९ मध्येच मोकळी केली, आणि तिथे ही १,८५,००० ची फी नव्हती. मे २०१० मध्ये इजिप्त, सौदी अरेबिया आणि अमिरातीची अरबी नावे सुरू झाली, रशियाचे सिरिलिकही. देवनागरीतले डॉट भारत २०१४ मध्ये खुले झाले.

त्याआधी अरबी वाचकाची काय अवस्था होती बघा. नाव अरबीत, उजवीकडून डावीकडे. शेवटचे डॉट कॉम लिहायला कीबोर्ड बदला आणि दिशाही उलटी करा. ज्याला रोमन अक्षरे येतच नाहीत, तो पहिल्याच पायरीवर अडला. हा हक्काचा प्रश्न आहे, त्याला नुसत्या खर्चाच्या वहीत बसवू नका.

यंत्रमग्न

हक्क कागदावर आहे, फॉर्ममध्ये नाही. मी वेबसाइटी बनवतो, म्हणून जवळून सांगतो. डोमेन यंत्रणेच्या आत आजही रोमन अक्षरे, आकडे आणि डॅशच चालतात. त्यामुळे ‘भारत’ आत जाताना ‘एक्सएन’, दोन डॅश आणि ‘एच२बीआरजे९सी’ असे होते. ब्राउझर ते परत नीट दाखवतो, पण लिंक कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की पुष्कळदा हाच अगम्य पत्ता समोर येतो. बघणाऱ्याला वाटते, हा काहीतरी फसवणुकीचा प्रकार आहे.

ईमेलचे तर विचारूच नका. कोणत्याही लिपीतल्या पत्त्याचे तांत्रिक मानक २०१२ पासून आहे, जीमेल २०१४ पासून असे पत्ते ओळखते. पण नोंदणीच्या फॉर्ममध्ये असा पत्ता टाका: खाली लाल अक्षरांत ‘वैध ईमेल टाका’. कारण कुणीतरी तपासणीचा नियम ‘ए ते झेड’ एवढाच लिहून ठेवलेला असतो. मग आपल्या भाषेत नाव घेतलेला माणूस रोमन नावही घेतो आणि दोन्हींचे पैसे भरतो.

मोकळाश्वास

तुम्ही सगळे नव्या नावांवर भांडताय. खरी लूट जुन्या, दोन अक्षरी देशनावांत (भारताचे डॉट इन तशी) झाली. गॅबन, माली, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, इक्वेटोरियल गिनी: या देशांची डोमेन एका डच कंपनीमार्फत फुकट वाटली गेली. फुकट म्हटल्यावर फिशिंगवाले, म्हणजे खोट्या साइटवरून लोकांचे पासवर्ड लाटणारे, तुटून पडले आणि देशाचे नाव खराब झाले. गॅबनने २०२३ मध्ये आपले डोमेन परत ताब्यात घेतले.

उलट तुवालू बघा. लोकसंख्या ११ हजारांच्या आसपास, आणि डॉट टीव्ही या आपल्या देशनावाच्या पैशाच्या बळावर २००० साली संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व घेतले. तेव्हा डोमेनने गरीब देशाचे काहीच भले होत नाही, हे साफ चूक आहे. करार कुणी केला आणि कुणासाठी केला, ते बघा.

शाईपेन

तुवालूच्या वाट्याला योगायोगाने ‘टीव्ही’ ही अक्षरे आली. बाकीच्या देशांनी त्यावर धोरण कसे आखायचे? अंतरा, लिपीचा मुद्दा मान्य. पण यंत्रमग्न म्हणतात तसे दुहेरी पैसे भरावे लागत असतील, तर माझा खर्चाचा आक्षेप तिथेही लागू होतोच.

अंतरा

लागू होतो, पण त्याचे उत्तर नावे बंद करणे हे नाही. कोणत्या लिपीत कोणती अक्षरे चालतील, कोणती एकमेकांसारखी दिसून फसवतील, याचे रूट झोनचे (सगळ्या टॉप लेव्हल नावांच्या मूळ यादीचे) नियम त्या त्या लिपीच्या जाणकारांनी बसून लिहिले आहेत. इथिओपिक, ख्मेर, लाओ, देवनागरी, सगळ्यांचे. हे काम झालेले आहे. अडले आहे ते फॉर्मपाशी, आणि तो बदलणे सरकारांच्या हातात आहे. सॉफ्टवेअरची निविदा काढताना ‘कोणत्याही लिपीतला ईमेल पत्ता स्वीकारला गेलाच पाहिजे, नाहीतर बिल निघणार नाही’ एवढी अट घालायला आयकॅनची परवानगी लागत नाही आणि १,८५,००० डॉलरही लागत नाहीत.